ओझें एकाचें, खांदे दुसऱ्याचे

मुंबईचे साहिल मखिजा ‘डेमनस्टीलर’ या नांवानें गातात. २०१६ सालीं त्यांनीं ‘धिस बर्डन इज माइन’, म्हणजे ‘हें ओझें माझें’, हा आपला एकट्याचा ध्वनिसंग्रह काढला. प्रकार डेथ मेटल; त्यांत शब्द गर्जनेंत बुडून जातात. विष्णुपुरीस गोदाकाठीं टाळमृदंगावर पोसलेल्या आमच्या कानांना असला आक्रोश प्रथम क्रोधच वाटतो. दुःख असें डरकाळी फोडून सांगावें काय? पण भरतमुनींनींच करुणाची उत्पत्ति रौद्रापासून सांगितली आहे; तेव्हां हा आक्षेप फारसा टिकत नाहीं.

खरी अडचण नांवांत आहे. ओझें ‘माझें’ म्हणावयाचें आणि ढोल वाजवावयास ‘नाइल’ या वाद्यवृंदाचे ग्रीक वादक जॉर्ज कोलियास यांस घ्यावयाचें, हें कसें? आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं. तिरडीस चौघांचे खांदे लागतात, म्हणून घरधनिणीचा शोक कांहीं चौघांत वांटला जात नाहीं. उलट, खांदा देणाऱ्यानें रडावयाचें नसतें. त्यानें पाऊल चुकूं द्यावयाचें नसतें. कोलियास यांनीं येथें तेंच केलें आहे. तिसऱ्या वेळीं ऐकतांना आमचें लक्ष गर्जनेपेक्षां त्या ढोलाकडेच अधिक गेलें.