भिंतीवरील चट्टा
(वाचावयाचा शास्त्रभाग : लेवीय, अध्याय 14, ओव्या 33 ते 53)



लेवीयाचे पुस्तक आमच्या मंडळ्यांतून फारसे वाचले जात नाही. यज्ञ, चरबी, शुद्ध पशू व अशुद्ध पशू ह्यांचे ते लांबलचक नियम वाचताना वाचणाऱ्याची जीभ जड होते आणि ऐकणाऱ्याचे डोळे. आम्हीही सेमिनरीत असताना हा भाग परीक्षेपुरता वाचला व मिटून ठेवला, हे कबूल केले पाहिजे. परंतु गेल्या दोन वर्षांत ह्या एका अध्यायाकडे आम्हांस पुनःपुन्हा परतावे लागले. ह्यात माणसाच्या अंगावरील रोगाविषयी तर सांगितले आहेच, पण त्यापुढे घरास होणाऱ्या रोगाविषयी सांगितले आहे. घर आजारी पडते, ही गोष्ट परमेश्वराने आपल्या लोकांस ते तंबूंत राहत असतानाच, म्हणजे त्यांस भिंती मिळण्यापूर्वीच, शिकविली.

त्या नियमांचा क्रम पाहा. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस, आत खोल गेलेला चट्टा दिसला म्हणजे घरधन्याने स्वतः याजकाकडे जाऊन कळवावयाचे. याजकाने यावयाचे, पण येण्यापूर्वी घरातील सर्व चीजवस्तू बाहेर काढावयास सांगावयाची. का? तर त्याने एकदा घर पाहून अशुद्ध ठरविले म्हणजे आतील सर्वच अशुद्ध ठरेल, तसे होऊ नये म्हणून. गरिबाची दोन भांडी व एक वाकळ वाचावी, इतक्या बारकाईने नियमशास्त्राने विचार केला आहे. मग घर सात दिवस बंद ठेवावयाचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावयाचे, भिंती खरवडावयाच्या, त्या जागी दुसरे दगड बसवून नवा गिलावा करावयाचा. इतके करूनही चट्टा उलटला, तर मात्र घर पाडावयाचे. आणि घर बरे झाले, तर त्याच्यासाठी प्रायश्चित्त करावयाचे. जो विधी बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यासाठी, तोच घरासाठी.

ह्या सर्व विधीत एक प्रश्न कोठेही येत नाही. ‘ह्या घरात राहणाऱ्याने कोणते पाप केले?’ असे याजकाने विचारावे, अशी आज्ञा नाही. त्याने भिंत पाहावयाची.

आता आम्ही तुम्हांस एका नगराकडे नेतो. 1854 साली कावसजी दावर ह्यांनी ताडदेवास मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्याचे काम हाती घेतले. पुढील चाळीस वर्षांत परळ, भायखळा, लालबाग येथे धुराडी उठली, आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर येथील माणसे पोटासाठी तिकडे धावली. तुमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्यांत होते. गिरण्यांस हात पाहिजे होते. पण त्या हातांस निजावयास जागा पाहिजे, हा विचार उशिरा झाला. एका खोलीत एक बिऱ्हाड, बहुधा दोन, कधी पाळीपाळीने निजणारे आठ-दहा गडी. खिडकी असली तर ती गटाराच्या बोळात उघडे. बाया गिरणीत जाताना तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देत, म्हणजे मूल रडू नये. आईने हे मायेवाचून केले असे कोणी म्हणू नये. दिवस बुडाला तर चूल पेटत नसे.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगास ह्यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. खाली पोती, वर माणसे, आणि दोहोंमध्ये उंदीर. काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव पळाली व रोगही त्यांच्या गाठोड्यांतून दख्खनेत उतरला. 1897 साली साथरोगांचा कायदा झाला. सरकारचे लोक घरांत शिरले, भिंतींना चुना फासला, छपराची कौले काढून उजेड आत आणला, आणि जी घरे राहण्यास नालायक दिसली त्यांवर तशी अक्षरे रंगविली. उजेड आणला हे बरे केले. पण लोकांची पांघरुणे व सामान जाळले, रोग्यांस बळाने उचलून नेले, बायकांची अब्रू पाहिली नाही. म्हणून लोक आजाऱ्यांस लपवू लागले, आणि लपविलेला रोग अधिक पसरला. लेवीयातील याजक आधी सामान बाहेर काढावयास सांगतो आणि मग आत येतो. सरकारी पथकाने तेवढे एक वाक्य वाचले असते तर! असो.

त्या काळोखातही देवाने काही दिवे ठेवले होते. डॉक्टर हाफकिन, ज्या वंशास हा अध्याय प्रथम दिला गेला त्याच वंशातील मनुष्य, ह्यांनी मुंबईत प्लेगाची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुण्याकडे सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या दवाखान्यात पोहोचविले; त्यातच त्यांस प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या. त्या आमच्या मंडळीच्या नव्हत्या. परंतु वाटेवर पडलेल्या माणसाजवळ थांबणारा शोमरोनी तरी कोणत्या मंडळीचा होता?

रोगाचे खरे वाहन उंदरावरची पिसू आहे, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीस दाखविले; विद्वानांनी ते पुष्कळ वर्षे मनावर घेतले नाही. त्याच 1898 साली मुंबईत शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत आणला. पण जितक्यांची घरे पाडली तितक्यांस नवी दिली नाहीत, आणि निघालेली माणसे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने शिरली. दगड काढले, दुसरे बसविले नाहीत. अर्धा नियम पाळला. पुढे 1920 नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या. तेथेही एका कुटुंबास एकच खोली.

तुम्ही म्हणाल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. गिरण्याही गेल्या, 1982 च्या संपानंतर धुराडी एकेक थंड झाली. खरे आहे. परंतु शहर वाढतच आहे, आणि आमच्या गावचे मुलगे अद्याप तिकडे जातात.

आमच्या मंडळीतील एक तरुण गेला होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याची आई हे पत्र वाचवून घेते. गोवंडीस शिवणकामाच्या एका लहानशा कारखान्यात तो लागला. वर्षाने परत आला तेव्हा खोकत होता. क्षयाची औषधे त्याने तेथे दोन महिने घेतली होती. बरे वाटू लागले, रजा मिळेना, म्हणून सोडून दिली. ही चूक फार घातक असते, कारण अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, ते निबर होतात. मंडळीत कुजबुज सुरू झाली. शहरात वाईट संगतीस लागला असेल, असे कोणी म्हणाले. आम्ही त्याच्या घरी प्रार्थनेस गेलो आणि पहिलीच विनंती त्याच्या पापांच्या क्षमेसाठी केली. त्याने मान खाली घातली. ती खाली घातलेली मान आम्हांस अद्याप दिसते.

जानेवारीत प्रार्थनासप्ताह होता. एका पंचाने सुचविले की प्रभुभोजनात त्याचा पेला वेगळा ठेवावा व त्यास शेवटी द्यावा. आम्ही पाळक असून गप्प राहिलो. म्हणजे संमती दिली. पेला वेगळा ठेवला. थंडी होती म्हणून मंदिराच्या सर्व खिडक्या मात्र घट्ट लावून घेतल्या, आणि दाटीवाटीने बसून दोन-दोन तास गायिलो. बंधूंनो, क्षय पेल्यातून जात नाही, ताटातून जात नाही, कपड्यांतूनही नाही. तो खोकल्याबरोबर हवेतून जातो, आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. ज्या गोष्टीत भय नव्हते तीत आम्ही त्या मुलाचा अपमान केला, आणि ज्या गोष्टीत भय होते ती आपल्या हातांनी लावून घेतली.

पावसाळ्याच्या आरंभी तो वारला. त्याची पेटी आणावयास आम्ही त्याच्या वडिलांबरोबर गोवंडीस गेलो. उंच इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या, की खालच्या मजल्यांवर ऊन म्हणून कधी पोहोचत नाही. झोपड्यांतून उठविलेल्या लोकांसाठीच त्या बांधलेल्या आहेत. ह्याच भागातील अशा वसाहतींची पाहणी तज्ज्ञांनी केली आहे. तिचा अहवाल 2018 साली निघाला, आणि जेथे उजेड व वारा कमी तेथे क्षय अधिक, असे त्यात आढळले. आम्हांस अहवालाची गरज नव्हती. सहा गडी निजत ती खोली. भर दुपारी दिवा लावलेला. एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे. वडिलांनी भिंतीवर हात ठेवला तो ओला झाला. मोरीच्या वर छतापर्यंत चट्टा गेलेला, कडा तांबूस, मध्ये हिरवट. खोलीतील दुसरा मुलगा खोकतच होता. वडील काही बोलले नाहीत. खिडकीचे दार उघडून पाहिले व पुन्हा लावले.

तेव्हा तो अध्याय आम्हांस आठवला. घरधन्याने येऊन सांगावे, असे तेथे आहे. इस्राएलात घरधनी त्याच घरात राहत असे, चट्टा त्याच्याच डोळ्यांपुढे असे. येथे खोलीचा मालक दुसरीकडे राहतो आणि भाडे घेण्यापुरता येतो. जो ओल्या भिंतीस पाठ लावून निजतो त्याच्या शब्दास किंमत नाही. मग भिंत पाहावयास कोणी जावे?

येथे आम्हांस हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण पाळकाची गोष्ट सांगावीशी वाटते. दावरांच्या गिरणीच्याच वर्षी, 1854 साली, लंडनात सोहो भागात कॉलऱ्याने थोड्याच दिवसांत शेकडो माणसे मेली. हा तेथला साहाय्यक पाळक, रोज त्या घरांतून जाणारा. डॉक्टर जॉन स्नो म्हणाले की रोग ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून येतो. व्हाइटहेड ह्यांस ते पटले नाही. खोटे ठरवावे म्हणून ते घरोघर विचारीत फिरले. कोण आजारी पडले, कधी, कोणते पाणी प्याले? लोक त्यांस ओळखीत, म्हणून खरे सांगत. शेवटी त्यांसच आढळले की पंपासमोरच्या घरात एक तान्हे मूल प्रथम आजारी पडले होते, त्याची दुपटी धुतलेले पाणी आईने घरापुढच्या मैलकुंडात ओतले होते, आणि त्या कुंडाच्या फुटक्या विटांतून ते विहिरीत झिरपत होते. आपले मत चुकले असे त्यांनी उघड सांगितले. डॉक्टरास जे मिळाले नव्हते ते पाळकास मिळाले, कारण तो घरांत जात असे.

प्रिय उपदेशकहो व बायबल-बायांनो, तुम्हीही घरांत जाता. प्रार्थना करा, पण डोळे उघडे ठेवूनही घर पाहा. चुलीचा धूर कोठून जातो? पाण्याचे भांडे झाकलेले आहे काय? शहरातून आलेला कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकतो काय? असेल तर त्याच्या पापाची चौकशी करू नका. त्यास बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा व थुंकीची तपासणी करवा. तपासणी व औषधे सरकारातून फुकट मिळतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो; पण सहा म्हणजे सहा. 2018 पासून रोग्याच्या आहारासाठी सरकार दरमहा 500 रुपये देत असे, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले आहेत. त्यासाठी बँकेचे खाते लागते, आणि खाते काढताना गरीब मनुष्य खिडकीपुढे बावरतो. तेथे त्याच्याजवळ उभे राहणे ही सुद्धा सेवाच आहे. गोळ्यांनी मळमळते, लघवी तांबडी होते, मग भिऊन लोक सोडतात. रोज संध्याकाळी जाऊन गोळी घेतली काय असे विचारा. नंतर स्तोत्र वाचा.

आणि जेथे घरच रोगी आहे तेथे औषध अर्धेच काम करते. ह्यासाठी मंडळीने बोलावे लागेल, अर्ज करावे लागतील, वॉर्ड कचेरीत हेलपाटे घालावे लागतील. हे राजकारण आहे, आत्मिक काम नव्हे, असे काही बंधू आम्हांस म्हणतात. याजकास भिंत खरवडावयास लावणाऱ्या परमेश्वरास त्यांनी हे विचारावे.

आमच्या मंदिराच्या खिडक्या आता जानेवारीतही उघड्या असतात; म्हाताऱ्या बाया घोंगड्या घेऊन बसतात व थोड्या कुरकुरतात. वेगळा पेला आम्ही मंडळीसमक्ष मोडला, आणि त्या आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘पाळकसाहेब, त्याला तेव्हा लागलं होतं.’ ह्यावर आम्हांस उत्तर देता आले नाही.

तिचा धाकटा मुलगा पुढील महिन्यात मुंबईस जात आहे. पाऊस लांबला, शेतात काही नाही, त्यास थांब म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. ह्या खेपेस मंडळीतील दोन पंच त्याच्याबरोबर एसटीने जातील, आणि भाडे ठरविण्यापूर्वी दुपारच्या वेळी खोलीत दिवा न लावता बसून पाहतील. एसटीच्या भाड्यासाठी रविवारी वर्गणी फिरविली. 1140 रुपये जमले.