कापलेल्या जाळ्याची किंमत

वसईच्या किल्ल्याजवळ पाचूबंदरची वस्ती आहे. तेथील दिवस भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सुरू होतो. वलांडींवर बोंबील वाळत असतात, वर घारी घिरट्या घालतात आणि ओहोटीच्या चिखलात बगळे तपश्चर्येला बसल्यासारखे उभे असतात. जूनचे वारे सुटले की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. माणूस, मासा आणि पाखरू अशी एकमेकांच्या इतकी निकट राहिली की नीतीचे प्रश्नही पुस्तकातून न येता जाळ्यातून वर येतात.

असाच एक प्रश्न समुद्री कासवाचा. कासव पाण्यात राहते, परंतु श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. जाळ्यात गुरफटून खाली राहिले तर ते गुदमरून मरते. त्याला सोडवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते. जाळे कापणे म्हणजे काय, हे नाखव्यालाच विचारावे! जाळ्याची किंमत आहे, दुरुस्तीचे दिवस आहेत, डिझेलचा खर्च आहे आणि खलाशांचा वाटाही द्यायचा आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने अशा कोळी बांधवांना भरपाई देण्याची योजना सुरू केली. संरक्षित जलचराला जिवंत सोडण्यासाठी जाळे कापले, तर पुराव्यादाखल छायाचित्रे वा चित्रफीत देऊन २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते.

यावर काही सज्जन म्हणतात, "मग ही दया कसली? हा तर व्यवहार झाला." त्यांना प्रभू येशूची डाव्या-उजव्या हाताची शिकवण आठवते. सत्कृत्याचे छायाचित्र काढायचे आणि वर पैसेही घ्यायचे, हे त्यांना खटकते.

आक्षेप क्षुल्लक नाही. हेतू दूषित असेल तर चांगले कृत्यही डागाळते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे. दिखाव्यासाठी दिलेले दान हे त्याचे परिचित उदाहरण. पण येथे हेतू कोणता? भरपाई कासवाच्या जीवाची नाही, ती जाळ्याची आहे. जाळे कापताना रक्कम कधी हाती पडेल याची खात्री कोळ्याला नसते. सुरी मात्र त्याच क्षणी चालवावी लागते. शिवाय कासव काही एकट्या कोळ्याचे नाही. त्याचे रक्षण व्हावे असे सगळ्या समाजाला वाटते, म्हणूनच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ज्या हिताचा लाभ सर्वांना, त्याचा भार मात्र एका होडीने वाहावा, हा न्याय नव्हे. जे न्यायाने देणे लागतो ते दयेच्या नावाने दुसऱ्याकडून फुकट मागणे, ही आपली जुनी खोड आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, ते मला येथे फार समर्पक वाटते.

मला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी दिसते. कासव मोठे, देखणे आणि विरळा. त्याची कणव सहज येते. पण बोटाएवढ्या पापलेटाचे काय? २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. तरीही वाढीपूर्वीच ते जाळ्यात येते. ते पाण्यात सोडले म्हणून भरपाई नाही, छायाचित्र नाही, कौतुकही नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पिले घेणाऱ्याने पाखराच्या आईला सोडून द्यावे, असा नियम आहे. आज घ्या, पण उद्याचे बीज ठेवा, असा मी त्याचा अर्थ लावतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीमागेही हाच विचार आहे. त्या दिवसांत खलाशाची चूल कशी पेटते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. ताजी मासळी मिळत नाही म्हणून कुरकुर करतो, तेवढेच.

आणि येथे आपण सारेच जाळ्यात सापडतो. लहान मासा विकला जातो, कारण तो कोणीतरी विकत घेतो. कोळ्याला उपदेश करणे सोपे आहे. रविवारची मिस्सा आटोपून बाजारात शिरणाऱ्याला करणे कठीण. नारळी पौर्णिमेनंतर पापलेटांचे वाटे पुन्हा लागतील. त्यांतील सर्वांत लहान पापलेटांवर कोणाचा हात आधी जातो, ते टोपलीमागे बसलेल्या कोळणीला चांगले ठाऊक असते.