बागेतला पेला

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य अमेरिकेहून सुट्टीवर आले होते. नोकरीनिमित्त ते फ्लोरिडात राहतात. तेथे ‘मॅजिक किंगडम’ या जगप्रसिद्ध उद्यानात मुलाला घेऊन गेले असताना पतीने जेवणाबरोबर एक ग्लास बियर मागवली आणि पत्नी घास टाकून टेबलावरून उठली. अर्धवट राहिलेला तो वाद त्यांनी समुद्र ओलांडून आमच्या ओटीवर आणला. ‘फादर, तुम्हीच सांगा, मुलाबाळांच्या बागेत बापाने एक ग्लास घेतला तर कोणाचे काय बिघडले?’ पती म्हणाला. पत्नी गप्पच होती.

आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर बरोबर होते. मात्र ते पुरे नव्हते. हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच.

आमचे उत्तर सेमिनरीत शिकलेले होते. द्राक्षारस ही देवाच्या निर्मितीतील चांगली वस्तू आहे. स्तोत्रकर्त्याने माणसाचे मन प्रफुल्लित करणाऱ्या देणग्यांमध्ये त्याची गणना केली आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि आम्ही स्वतः दररोज वेदीवर तो पेला हाती घेतो. पाप अतिरेकात आहे, वस्तूत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही मद्यप्राशन मुळात निषिद्ध नाही असाच निर्वाळा दिला आहे. पतीचा चेहरा खुलला. पत्नी मुलाचा हात धरून उठली.

पुढे आम्ही या वादाचा इतिहास चाळला. तो उद्बोधक आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा आपल्या बागेत दारूचा थेंबही विकायचा नाही असा नियम केला. डिस्ने मद्यवर्ज्य करणारे नव्हते. स्टुडिओतील दिवसभराच्या श्रमानंतर आपण कधीमधी पेला घेतो, हे ते उघडपणे सांगत. बागेत मात्र आपल्याला त्याची गरज वाटत नाही, इतरांनाही वाटू नये, आणि दारू आली की दंगेखोर माणसे मागोमाग येतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ साली फ्लोरिडात मॅजिक किंगडम सुरू झाले, तेव्हा हाच नियम तेथेही लागू झाला.

नियम सरळ होता. त्याचे पालन तितके सरळ राहिले नाही. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने निवर्तले, आणि १९६७ साली डिस्नेलँडमध्येच ‘क्लब ३३’ नावाचे खाजगी भोजनगृह उघडले. तेथे निवडक सभासदांना व त्यांच्या पाहुण्यांना मद्य मिळू लागले. बाहेर सामान्य कुटुंबाने लिंबाचे सरबत प्यावे आणि बंद दाराआड प्रतिष्ठितांनी पेले भरावेत! पैसा आणि ओळख असली की जो नियम बाजूला सरतो, त्याला नीती म्हणणे कठीण आहे.

१९९२ साली पॅरिसजवळ याच कंपनीचे उद्यान उघडले, तेव्हा वेगळाच धडा मिळाला. फ्रेंच कुटुंबात दुपारच्या जेवणाबरोबर द्राक्षारस घेणे म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर ताक घेण्यासारखे. तेथील लोकांना ही बंदी परक्याने घरात येऊन शिकवलेली शिस्त वाटली. टीका झाली, आणि १९९३ मध्ये नियम शिथिल करावा लागला. फ्रेंचांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आजीच्या नजरेसमोर, भाकरीबरोबर, मापाने घेतलेला द्राक्षारस आणि आपल्या नाक्यावरील गुत्त्यातील दारू यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल.

फ्लोरिडात बदल पावलापावलाने आला. २०१२ साली एकाच उपाहारगृहात, केवळ रात्रीच्या जेवणाबरोबर, केवळ बियर आणि वाइन. २०१६ मध्ये आणखी काही उपाहारगृहांत. आणि २०१८ पर्यंत टेबलावर वाढणी होणाऱ्या सर्व उपाहारगृहांत. २०१९ साली डिस्नेलँडच्याही एका नव्या विभागात सर्वसामान्यांसाठी मद्यविक्री सुरू झाली. यामुळे आकाश कोसळले काय? नाही. त्याच कंपनीच्या फ्लोरिडातील ‘एपकॉट’ उद्यानात तर १९८२ पासून मद्य मिळते आणि कुटुंबे तेथेही आनंदाने जातात. विरोधकांनी वर्तवलेली भांडणे आणि दंगे हाच एकमेव मुद्दा असता, तर वाद येथेच मिटला असता.

परंतु अमेरिकेला परतण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर ती मुलगी एकटीच भेटायला आली. तिच्या वडिलांना आम्ही ओळखत होतो. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली होती. ‘फादर,’ ती म्हणाली, ‘मी नऊ वर्षांची असताना बाबा आम्हांला गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये घेऊन गेले. तरीमधून खाडी ओलांडली, पाळण्यात बसलो, संध्याकाळी घरी आलो. त्या दिवशी बाबांच्या तोंडाला वास नव्हता. दिवसभर ते आमचे होते. माझ्या बालपणातला तेवढा एकच दिवस मला सबंध आठवतो.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘माझा नवरा चांगला आहे. एका ग्लासाने त्याचे काही होत नाही, हे मलाही कळते. पण शेजारच्या टेबलावर एक मुलगी बापाच्या ग्लासाकडे बघत बसली होती. तिचे बघणे मला ओळखीचे वाटले.’

१९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ साली बंद झाले. तिच्या वडिलांनी त्या दिवशी पेला का टाळला, हे तिला ठाऊक नाही, आम्हांलाही नाही. कदाचित निश्चय केला असेल; कदाचित नुसती संधी मिळाली नसेल. मुलीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

रात्री आम्ही संत थॉमस यांचे ते प्रकरण पुन्हा उघडले. मद्य मुळात निषिद्ध नाही, हे वाक्य आम्हांला पाठ होते. त्यापुढचे आम्ही विसरलो होतो. ते म्हणतात की, मुळात निर्दोष असलेले हे पेय परिस्थितीमुळे सदोष ठरू शकते: पिणाऱ्याला ते सोसत नसेल तर, त्याने न पिण्याचा नवस केला असेल तर, मर्यादा ओलांडली तर, आणि शेवटी, इतरांना त्यामुळे ठेच लागणार असेल तर. पहिली तीन कारणे पिणाऱ्यासंबंधी आहेत, चौथे शेजारच्या टेबलासंबंधी. संत पौलानेही रोमकरांना हेच बजावले होते. जो बलवान आहे त्याने आपल्या मोकळीकीचे माप दुर्बळ भावाच्या पायांनी घ्यावे, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे.

पतीचा प्रश्न होता, ‘मी प्यालो तर काय बिघडले?’ त्याच्यापुरते काहीच बिघडले नाही. परंतु बागेच्या मालकापुढचा प्रश्न निराळा आहे: ही जागा कोणासाठी राखायची? ज्याला पेला हवा त्याला अवघे शहर मोकळे आहे. ज्या घरात पेल्याने संसार बुडवला त्या घरातील पोराला मात्र पेला नसलेली जागा शोधावी लागते, आणि अशा जागा फार थोड्या आहेत. त्यांतील एक कमी झाली, तर पिणाऱ्याची सोय किंचित वाढते आणि त्या पोराचा आसरा जातो. ही देवघेव आम्हांला न्याय्य वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, मग सरसकट दारूबंदीच मागा ना!’ आम्ही ती मागत नाही. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, हेही संत थॉमस यांनीच सांगून ठेवले आहे; नाहीतर न पेलणाऱ्या ओझ्याने माणसे अधिकच बिघडतात. पण घराच्या अंगणाचा नियम म्हणजे राज्याचा कायदा नव्हे. वाचनालयात शांतता राखतात म्हणून कोणी बोलण्यावर बंदी आली असे म्हणत नाही. प्रभू येशू जेवणाच्या पंक्तीला बसला आणि पेला घेतला. योहान बाप्तिस्त्याने तो घेतला नाही. दोघेही देवाचेच काम करीत होते. समाजालाही दोन्ही प्रकारच्या जागा हव्यात, एक कानाची आणि एक रानाची.

हे सारे अमेरिकेचे म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आम्हांला नाही. आमच्या चर्चच्या वार्षिक सणाला पटांगणात पाळणे लागतात, मुलांचे खेळ होतात. कोपऱ्यातील एका स्टॉलवर गेली काही वर्षे बियर विकली जाते. त्या पैशांतून शाळेच्या छपराची दुरुस्ती झाली, हे आम्ही लपवीत नाही. परवानगीच्या कागदावर सही आमचीच होती. गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत आम्ही तो स्टॉल बंद करण्याचा विषय मांडला. तीन तास चर्चा झाली. एका ज्येष्ठ प्रापंचिकाने विचारले, ‘फादर, छपराचे उरलेले पैसे कोठून आणणार?’ प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. तरी मतदान झाले, आणि दोन मतांनी ठराव संमत झाला.

छप्पर अजून गळते आहे. येत्या सणाला पटांगणात सरबत असेल, भजी असतील, पाळणा असेल. त्या पाळण्याखाली कोणा एखाद्या पोराचा बाप सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचा राहिला, तर ते मूल आम्हांला काही सांगायला येणार नाही. सांगितलेच तर बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी, कोणा दुसऱ्याच धर्मगुरूच्या ओटीवर सांगेल.