पंगतीचा नियम घरी न्यावा



तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते, त्या वाटेने तुम्ही चालला असाल. आदल्या रात्री यवतकरांनी पिठलं-भाकरी पोटभर वाढलेली असते. सकाळी पाऊल उचलतो न उचलतो तोच भांडगाव, चौफुला करत थेट वरवंडपर्यंत जागोजागी मांडव. कुठे चहा-बिस्किटे, कुठे केळी, कुठे शिरा, कुठे राजगिऱ्याचे लाडू. देणारा हात जोडून म्हणतो, "माउली, एवढं घ्याच." पोट नको म्हणत असते, तरी आपण घेतो.

एका वर्षी आमच्या दिंडीतल्या एका आजोबांनी असेच प्रत्येक मांडवात घेतले. त्यांना साखरेचा आजार. वरवंडला पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, डोके गरगरत होते. फिरत्या दवाखान्यात तपासले तर साखर फार वाढलेली. "आजोबा, एवढं गोड कशाला खाल्लंत?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "प्रसाद नाकारायचा कसा? पाप लागेल."

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारे आपण. देणाऱ्याचा भाव मोडू नये, हेही खरेच. पण प्रसाद मापाने मोठा होतो का? काल्यातली एक लाही जिभेवर पडली तरी काला मिळाला, असेच आपण मानतो ना? मग मांडवात "हातावर कणभरच घाला" असे म्हणून तो कण कपाळाला लावून खाल्ला, तर कोणाचा भाव मोडला? उलट पोट भरलेले असताना द्रोणभर घ्यायचे आणि चार पावलांवर रस्त्याच्या कडेला टाकायचे, हा अन्नाचाही अपमान आणि देणाऱ्याचाही.

कोणी म्हणेल, देह नाशिवंत, त्याचे एवढे कौतुक कशाला? देह नाशिवंत आहेच. पण वारी याच देहाने घडते. वरवंड सोडले की पाटसपुढे रोटी घाट चढायचा असतो. तिथे पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात; आपल्याला जादा पाय कुठून आणणार? आणि एक माणूस आजारी पडला की त्याच्यासाठी दोघांना मागे थांबावे लागते. म्हणजे माझे खाणे हे माझ्या एकट्याचे नसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. ज्ञानोबारायांनी त्यावर मराठीत विस्ताराने निरूपण केले. आपण मात्र एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतो. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण लोकांनी उगाच केली नाही. आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

आता दिंडीची पंगत आठवा. ठरल्या वेळी सगळे ओळीने बसतात. सर्वांना वाढून झाल्याशिवाय आणि जयघोष झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. तेवढ्या वेळात मन स्थिर होते, भूक खरी आहे की नुसती वखवख, ते कळते. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. भराभर जेवणारा ती खूण येण्याआधीच जास्त खाऊन बसतो. रात्री उशिरा घेतलेले अन्न रक्तातली साखर दिवसा घेतलेल्या तेवढ्याच अन्नापेक्षा अधिक वाढवते. पंगतीचा नियम आपल्याला हे आधीपासून शिकवतच होता.

पण वारी संपते आणि नियम मंडपातच राहतो. घरी ताट टीव्हीसमोर, एक हात मोबाईलवर. काय खाल्ले ते विचारले तर आठवत नाही. शेतीला रात्रीची वीज असेल तर उसाला पाणी द्यायला जावे लागते. कुरकुंभच्या कारखान्यात पाळी बदलली की जेवणही बदलते. त्यांनी घड्याळाचे ओझे घेऊ नये. पण कामावर जाण्याआधी बसून, नाम घेऊन, चावून चार घास खाणे त्यांच्याही हातात आहे. दिवसातले एक तरी जेवण ठरल्या वेळी, सर्वांनी मिळून करावे.

आणि शेवटचे, जरा कानात सांगण्यासारखे. दिंडीत वाढपी शेवटी बसतात, पण तेव्हा त्यांना वाढायला दुसरे उभे राहतात. तुमच्या घरी स्वयंपाक करणारी माउली कधी जेवते? सगळ्यांचे उरकल्यावर, गार झालेली भाकरी घेऊन, एकटीच ना? तिच्या पोटाला वेळ नको का? आज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की तिला आधी बसवा, तिच्या ताटात तुम्ही वाढा, मग हरिनाम घेऊन पहिला घास उचला.

आजोबा आता मांडवात हात पुढे करतात, कण घेतात, कपाळाला लावतात आणि पुढे चालू लागतात. अजून त्यांची वारी चुकलेली नाही.

राम कृष्ण हरी.