पाण्याचा दुसरा ग्लास

व्हिएन्नातलं कॅफे सेंट्रल १८७६ साली सुरू झालं. राजवाड्यासारखी इमारत, आत उंच खांब आणि त्यांवर पेललेल्या कमानी. दाराजवळच्या टेबलाशी एक मिशाळ गृहस्थ बसलेले दिसतात. तो पुतळा आहे, पेटर आल्टेनबर्ग या लेखकाचा. हयातीत हे गृहस्थ इथं इतके रमत, की त्यांची पत्रंसुद्धा याच पत्त्यावर येत. पहिल्या महायुद्धाच्या आधी रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की इथं बुद्धिबळ खेळायला यायचा. एका कप कॉफीवर माणसं इतका वेळ बसायची आणि मालकाला त्याचं काही वाटत नसे, याचंच नवल वाटतं.

त्याला कारणही होतं. तेव्हा शहरात घरं अपुरी, खोल्या लहान आणि थंडी कडाक्याची. कॉफीगृह म्हणजे अनेकांची बैठकीची खोलीच. तिथली रीत अजूनही टिकून आहे. कॉफी छोट्या चकचकीत तबकात येते, सोबत पाण्याचा ग्लास. वाचायला लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. कप रिकामा झाला तरी मागितल्याशिवाय बिल येत नाही. उलट जुन्या वळणाचा वेटर न सांगता पाण्याचा दुसरा ग्लास आणून ठेवतो. बसा हो, घाई नाही, असं न बोलता सांगणं. २०११ साली ऑस्ट्रियानं या कॉफीगृहांच्या संस्कृतीची आपल्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. अर्थात सेंट्रलच्या दाराशी आता पर्यटकांची रांग असते, आणि बाहेरची रांग दिसत असताना कॉफी लांबवणं निदान मला तरी जमणार नाही. त्यापेक्षा आडबाजूचं एखादं कॉफीगृह बरं.

पहिला ग्लास आपणही देतोच. पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याच्या हातात पाणी असतं. आपली गडबड होते ती नंतर. 'सावकाश होऊ द्या' म्हणता म्हणता आपण शेजारची ताटं उचलायला लागतो. शेवटी जेवणारा मग ताकभात घाईघाईनं उरकतो. कुणी काही सांगत असलं, की 'हो हो, कळलं' म्हणून त्याचं वाक्य आपणच संपवतो. मनात वाईट काही नसतं. हाताला आणि जिभेला घाईची सवय झालेली असते, एवढंच.

ही सवय दिवसातून एखाद्या वेळी मोडून पाहायला हरकत नाही. सकाळी आईचा फोन आला, तर 'बोल पटकन' ऐवजी नुसतं 'बोल' म्हणावं. ती शेजारच्या लग्नाचं सांगेल, मग गॅस सिलिंडरचं, मग पुन्हा लग्नाचं. आणि लोकल खरंच गाठायची असेल, तर तसं सांगून टाकावं. आई रागावत नाही, संध्याकाळी पुन्हा फोन करते.