रणभूमीची सहल

जिथे माणसे कापली गेली तिथे मौजेखातर जावे की जाऊ नये? दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या दारव्ह्यात चिखलदऱ्याचे बेत होऊ लागतात, आणि हा प्रश्न मला हटकून छळतो. चिखलदऱ्याला गेलेला मनुष्य गाविलगड पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. मुले तोफेवर चढून बसतात, तटाच्या सावलीत चिवड्याचे डबे उघडतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी हाच गड लढून घेतला, त्या दिवशी याच आवारात प्रेतांचा खच पडला होता.

आमचे एक वृद्ध स्नेही म्हणतात, “मसणात बसून कोणी फराळ करतो काय?” त्यांचा रोष मला समजतो, पण पटत नाही. तटावर लढणाऱ्यांच्या घरीही मुले होतीच. मुलांच्या हसण्याने त्यांचा अपमान होईल असे मला वाटत नाही.

शिवाय आम्ही दारव्हेकर तेथे अगदीच तिऱ्हाईत नाही. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या आडगावच्या शिवारात भोसले-शिंद्यांच्या सैन्याचा मोड झाला. मग गड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गाविलगड, नरनाळा आणि लगतचा थोडा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला; वर्धेच्या पश्चिमेकडील बाकीच्या वऱ्हाडावरचा हक्क त्यांना सोडावा लागला. तो मुलूख पुढे निजामाच्या पदरात पडला. दारव्ह्याच्या कुणब्याने पिकवलेल्या कापसाचा सारा कोणाच्या खजिन्यात जावा, हे असे दूरच्या एका तटाशी ठरले. त्याला कोणी विचारले नव्हते.

मग तेथे जाऊन ‘आपल्या’ माणसांसाठी हळहळावे म्हटले, तर ‘आपले’ कोण, हेच कळेनासे होते. वेलस्लीच्या फौजेत मद्रासकडील शिपायांच्या पलटणी होत्या, म्हैसूरचे घोडेस्वार होते. उलट आडगावला भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई त्वेषाने तुटून पडले आणि कापले गेले. असईला निधडेपणाने लढलेल्या कंपनीच्या काही देशी पलटणी आडगावला तोफांचा भडिमार सुरू होताच माघारी पळाल्या. त्यांना पुन्हा उभे करावे लागले. पोटासाठी परमुलखात आलेली ती माणसेच होती. त्यांच्या भीतीला मी शत्रूची भीती कशी म्हणू?

पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम व मध्य भारतात जिथे देखभालीची शाश्वती नव्हती, तिथून त्या एकत्र आणल्या. तेथे अंमलदार असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. त्यावर नाव, पलटण, मृत्यूची तारीख, बहुधा वयही. वय वाचले की पाऊल आपोआप थबकते. वीस-बावीस वर्षे म्हणजे आपल्या घरातलाच कोणी मुलगा! त्याने कोणाच्या साम्राज्यासाठी बंदूक उचलली, हा वाद नंतर सुचतो.

गाविलगडावर ही सोय नाही. आतल्या तटावर शिडी लावून प्रथम चढला तो कॅप्टन कॅम्पबेल, हे इतिहासाला ठाऊक आहे. पडला तो किल्लेदार बेनीसिंग, हेही ठाऊक आहे. कॅम्पबेलच्या मागून शिडी चढणारे आणि बेनीसिंगाच्या बाजूला उभे राहिलेले मात्र केवळ संख्येत जमा झाले.

म्हणून माझे मत असे, की जावे. मुलांना घेऊन जावे, फराळही करावा. पण पराक्रमाची गोष्ट सांगून झाली की मुलांना एकदा विचारावे, “येथे मेलेल्यांपैकी कितीजणांची नावे सांगता येतील?” चुणचुणीत पोर चटकन म्हणेल, “बेनीसिंग!” मग म्हणावे, “शाब्बास. आता दुसरे सांग.” ते गप्प होईल. त्याला लगेच काही समजावून सांगू नये. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर पुढच्या दिवाळीत शिपाई मांडताना कदाचित ते त्यांना नावे ठेवील.