रिकामे चौकोन

अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूर मागे पडले की माझ्या पिशवीतून सुडोकूचे पुस्तक बाहेर येते, आणि बडनेरा केव्हा आले ते कळत नाही. ही माझी सवय एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पाहिली असावी. एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी हळूच विचारले, "फादर, मीही रोज दुपारी एक कोडे सोडवते. देवाने दिलेला वेळ असा घालवणे दोषास्पद तर नाही ना?"

'बुद्धीला चालना मिळते' हे ठरावीक उत्तर ओठांवर आले होते. ते मी गिळले. उपयोगाचा दाखला जोडल्यावाचून आनंद घेताच येऊ नये, हा मला आपल्या काळाचा कंजूषपणा वाटतो. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर अंकांशी खेळले. त्या खेळात त्यांना ६१७४ ही विलक्षण संख्या गवसली. ती गवसली नसती, तर त्यांचा खेळ दोषास्पद ठरला असता काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच या प्रश्नाचा विचार केला आहे. शरीराप्रमाणे मनही थकते आणि खेळ ही त्याची विश्रांती होय, असे ते 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये सांगतात. इतकेच नव्हे, तर खेळाला व विनोदाला सर्वस्वी पारखे होणे हाही ते दोषच मानतात. या बाबतीतील सद्गुणासाठी त्यांनी ॲरिस्टॉटलचा 'युट्रापेलिया' हा ग्रीक शब्द स्वीकारला. त्याच्या मुळाशी 'सहज वळणे' असा अर्थ आहे.

एवढे सांगून मी बाईंना निर्धास्त केले. स्वतःला मात्र करू शकलो नाही.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ती संध्याकाळ. कपाशी बुडालेला एक तरुण कास्तकार धर्मगुरुनिवासाच्या दारात उभा राहिला. माझ्यापुढील कोड्यात चारच चौकोन रिकामे होते. "दोन मिनिटे," मी म्हणालो. त्या दोन मिनिटांची दहा झाली. मान वर केली, तेव्हा व्हरांड्यात ओल्या पावलांचे ठसे तेवढे होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, तर म्हणाला, "काही विशेष नव्हतं, फादर."

मी उठलो का नाही? सुडोकू हे नाव 'अंक अविवाहितच असले पाहिजेत' अशा अर्थाच्या जपानी वाक्यावरून आले आहे. ब्रह्मचारी धर्मगुरूला तो खेळ भावावा यात नवल नाही, असे मी थट्टेने म्हणत असे. खरे कारण वेगळे होते. चांगल्या सुडोकूला एकच उत्तर असते, आणि ते असणार याची हमीही असते. दिलेले अंक १७ पेक्षा कमी असतील तर असे एकमेव उत्तर असूच शकत नाही, हे २०१२ साली डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकाच्या साह्याने दाखवून दिले. म्हणजे कोडे रचणारा आपल्याला पुरेसे देऊनच बसवतो. दारात आलेला मनुष्य मात्र तशी कोणतीही हमी घेऊन येत नाही. कर्ज, आजारपण, घरातील अबोला, या गोष्टींची उत्तरे मला सेमिनरीतही मिळाली नव्हती आणि वेदीपाशी इतकी वर्षे काढूनही मिळालेली नाहीत. त्या संध्याकाळी मी विश्रांती घेत नव्हतो; लपलो होतो. वेळ किती गेला, हा प्रश्नच गौण होता. मला वळता आले नाही.

कोडे अचूक सुटले होते. ते पान अजून पुस्तकात आहे.

त्याच्या घरी मी आजही जातो. चहा होतो, कापसाच्या भावाची चर्चा होते. तो काय सांगायला आला होता, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही.